हायस्कूल चालवतो कोण?

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला मागे टाकले की वरवंड लागते, पुढे पाटस. उसाचा, कालव्याचा मुलूख. अशा गावांत मुस्लिम घरे थोडी. मुले बहुधा गावातल्याच मराठी हायस्कुलात जातात. पोरीला नववी-दहावीपर्यंत ठेवायचे की सातवीनंतर घरी बसवायचे, हे शाळा कशी चालते यावरही ठरते. पण ती चालवतो कोण, हे आपल्या घरांत फारसे कुणी विचारत नाही.

खासगी अनुदानित शाळांना १९८१ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव आणि त्यातली दोन वर्षे बी.एड.नंतरची, सेवेची नोंद समाधानकारक असली की ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक होतो. हिशेब कळतो का, शिक्षकांकडून काम करून घेता येते का, याची वेगळी परीक्षा नाही. शाळा समितीत बहुतेक जागा संस्थेच्या, शिक्षकांचा एक प्रतिनिधी, मुख्याध्यापक सचिव. पालकाला तिथे खुर्ची नाही.

ही उणीव भरून काढायला २०१५ पासून 'शाळा सिद्धी' आहे. शाळेने सात क्षेत्रांत स्वतःला तीनपैकी एका पातळीवर ठेवायचे. त्यात एक क्षेत्र नेतृत्व व व्यवस्थापनाचे, एक समाजाच्या सहभागाचे. मुख्याध्यापकाने शाळेला दिशा दिली का, वर्गातल्या शिकवण्याकडे स्वतः लक्ष दिले का, असे साधेच प्रश्न. अडचण एकच: स्वतःला गुण देताना हात आखडता कोण घेतो? कार्यालयात बसून तासाभरात भरलेला तक्ता कागदच राहतो. चार पालक, त्यात दोन आया समोर बसवून तो भरला, तर स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही हे लपत नाही.

आता थोडे आपल्या संस्थांविषयी. १९७७चा मूळ कायदा अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंतच्या निवडीत मोकळीक देतो. केरळातल्या एका मुस्लिम शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ साली सांगितले, की ज्येष्ठता बाजूला ठेवून मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क अशा संस्थेला आहे. हा हक्क मोठा आहे. मात्र ज्येष्ठतेऐवजी अध्यक्षांचा भाचा येणार असेल, तर ज्येष्ठताच बरी असे आम्हाला वाटते. संस्थेने जाहिरात द्यावी, मुलाखतीला बाहेरचा एक जाणकार बसवावा, निवडीची कारणे इतिवृत्तात लिहावीत. २०२०चे राष्ट्रीय धोरण मुख्याध्यापकांनाही वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सुचवते. ते झाले का, हे जमातीतल्या कुणीही विचारू शकतो.

वरवंडसारख्या गावात सुरुवात पालक-शिक्षक संघापासून करता येईल. मुख्याध्यापकांकडे 'शाळा सिद्धी'चा शेवटचा अहवाल मागा, मागच्या वर्षीचा त्याच्याशेजारी ठेवा. कोणती पातळी वाढली, कशामुळे, एवढेच विचारा. आणि सभा शुक्रवारी दुपारी किंवा मजुरीच्या ऐन वेळी ठेवत असतील, तर ती संध्याकाळी ठेवण्याचा अर्ज आधी द्या. चार बायकांच्या सह्या त्यावर असल्या तर उत्तम.