लिफ्ट कोणासाठी निवडायची?

मंडळी, वाशिम १९९८ साली जिल्ह्याचं ठिकाण झालं. आता चार-पाच मजली इमारती बांधायच्या म्हटल्या की लिफ्टची चौकशी होते आणि पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याला पडेल?’ आम्ही म्हणतो, आधी विचारा, ‘कोणासाठी?’

धडधाकट माणूस जिना चढून जातोच. लिफ्टवाचून अडतं ते गुडघे गेलेल्या आजीचं, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं. मग माप त्यांचंच घ्यायला हवं. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात. सहा जणांची लिफ्ट ४०८ किलोची, आठ जणांची ५४४ किलोची. पण वजन पेललं म्हणजे खुर्ची आत मावली, असं नव्हे. दार ९० सेंटिमीटर रुंद हवं आणि आपोआप उघडणारं हवं. जाळीचं दार खुर्चीत बसून एकदा ओढून पाहा, म्हणजे कळेल. वेगासाठी मात्र जास्त पैसे घालू नका. बारा मीटर चढायला सेकंदाला एक मीटरची लिफ्ट साधारण बारा सेकंद घेते; दीड मीटरची घेतली तर वाचतात चार!

आता विजेचं. लिफ्टचा ब्रेक वीज असताना सुटतो, वीज गेली की स्प्रिंगने आपोआप लागतो. दोर तुटलाच, तर पकड रुळांना आवळते. अशी एक पकड एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर दोर कापून दाखवली होती. म्हणजे वीज गेली तर लिफ्ट कोसळत नाही, अडकते. म्हणून बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारी सोय, म्हणजे एआरडी, सुरुवातीलाच मागा.

राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे बसवण्यापूर्वी परवानगी आणि वापरण्यापूर्वी परवाना लागतो. ते कागद पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

उरला देखभालीचा खर्च. तळमजलेवाले विचारतात, ‘आम्ही चढतच नाही, मग पैसे का द्यायचे?’ प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्याने त्याने वापरापुरतं द्यावं, हा एक न्याय झाला. पण मग सगळ्यात जास्त भार पडतो तो ज्याला लिफ्टशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्याच्यावर. एकाच छपराखालचा माणूस वर कोंडला जात असेल, तर ती सगळ्या इमारतीची उणीव आहे, असं आम्हाला वाटतं. कोणाचा वाटा किती, हे लिफ्ट घेण्याआधी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. वर्गणी थांबली की देखभाल थांबते, आणि पहिला फटका त्या आजीलाच बसतो.