‘आठ-अ’ नेमका कुणाचा?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आईच्या नावावर दीड एकर रान आहे, त्यावर पीककर्ज काढायचं होतं. बँकेने कागदांची यादी दिली, तीत ‘८-अ चा उतारा’ होता. गावी गेलो, ग्रामपंचायतीत पावती फाडली आणि अर्ध्या तासात सही-शिक्क्याचा उतारा हातात पडला. खुशीत बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी कागद एकदा पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला. ‘दादा, हा घराचा आहे. मला रानाचा पाहिजे.’

चूक बँकेची नव्हती आणि ग्रामपंचायतीचीही नव्हती. ग्रामपंचायत ठेवते तो नमुना ८. त्यात गावातलं घर, त्याचं मोजमाप आणि घरपट्टीची आकारणी असते. तलाठी ठेवतो तो गाव नमुना ८-अ. एका खातेदाराच्या नावावर त्या गावात कोणकोणत्या गटात किती जमीन आहे, ते त्यात एकत्र दिसतं. गावात मात्र दोन्हींना ‘आठ-अ’च म्हणतात. कित्येक गावांत तलाठ्याची खोली आणि ग्रामपंचायत एकाच आवारात असते, कधी भिंतीला भिंत लागून. पण दोघांचे साहेब वेगळे, कायदे वेगळे आणि मंत्रालयातली खातीही वेगळी: एकाचं महसूल, दुसऱ्याचं ग्रामविकास.

राज्याचा कारभार म्हटलं की आपल्याला एकच शिडी दिसते. खाली गाव, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि वर मंत्रालय. प्रत्यक्षात ग्रामीण महाराष्ट्रात दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली महसुलाची: तलाठी (आता पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. या शिडीवर निवडून आलेलं कुणी नाही. दुसरी पंचायत राज्याची, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर जोडी असते: सरपंच आणि ग्रामसेवक, सभापती आणि गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. आपले बरेचसे हेलपाटे या दोन शिड्या एकच समजल्यामुळे होतात.

गैरसमज: कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचे मालक, सगळी खाती त्यांच्या हाताखाली.

शाळेचं छप्पर गळतंय, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, अंगणवाडीचा खाऊ आला नाही. निवेदन घेऊन माणसं निघतात ती थेट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. फोटो निघतो, पेपरात बातमी येते. निवेदन मात्र तिथून आवक-जावकचे शिक्के खात जिल्हा परिषदेत पोचतं. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते हा सगळा जिल्हा परिषदेचा संसार आहे, आणि तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांचे दुय्यम नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांकडे जमीन आणि महसूल, निवडणुका, रेशन, वाळूसारखी गौण खनिजं, आपत्ती व्यवस्थापन आणि जिल्हादंडाधिकारी म्हणून शांतता-सुव्यवस्था. गंमत म्हणजे गावाजवळचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण जिल्ह्याच्या गावातलं मोठं रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं. ते सिव्हिल सर्जनच्या ताब्यात.

ही विभागणी महाराष्ट्राने विचारपूर्वक केली आहे, आणि ती कशी झाली ते सांगण्याजोगं आहे. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशासाठी पंचायत राज्याचा जो आराखडा दिला, त्यात खरा जोर तालुक्याच्या पातळीवर होता. जिल्हा परिषद सल्ला देणारी आणि तिचे अध्यक्ष कलेक्टर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर लगेच १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने हा आराखडा फिरवला. जिल्हा परिषद बळकट करायची, तिच्याकडे खाती आणि नोकरवर्ग द्यायचा आणि कलेक्टरला तिच्या बाहेर ठेवायचं. त्यावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढे राज्याच्या राजकारणातली कितीतरी माणसं याच सभागृहांत घडली.

आता कडू भाग. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन घोळात निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होते. जोडीतला निवडून आलेला अर्धा भाग रिकामा. नाईक समितीने जे टाळायला सांगितलं होतं, तेच जवळजवळ झालं, फक्त कलेक्टरऐवजी दुसरा अधिकारी खुर्चीवर होता.

पोलिसांबद्दलही असाच घोटाळा होतो. पोलीस अधीक्षकांची साखळी पोलीस महासंचालकांपर्यंत स्वतंत्र जाते. पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे, तिथे जमावबंदीचा आदेशसुद्धा पोलीस आयुक्तच काढतात.

गैरसमज: तहसीलदार हे गटविकास अधिकाऱ्यांचे साहेब.

दोघे तालुक्याच्या गावी बसतात, दोघांच्या दारात गाडी असते, एवढंच साम्य. तहसीलदार महसुलाच्या शिडीवर, गटविकास अधिकारी पंचायत समितीत. घरकुलाची यादी पंचायत समितीत, उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये. राज्यात तालुके ३५८ आणि पंचायत समित्या ३५१, यावरूनही दोन शिड्या वेगळ्या असल्याचं कळेल. अंधेरी, बोरिवली, कुर्ला हेसुद्धा कागदोपत्री तालुकेच आहेत, पण तिथे पंचायत समिती कुठून येणार?

गैरसमज: सातबारावर नाव आहे, म्हणजे मालकी पक्की.

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर म्हणून सातबारा. जमीन महसूल संहितेप्रमाणे अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द लोक वाचत नाहीत. मालकी येते ती खरेदीखतातून, वारसाहक्कातून, बक्षीसपत्रातून, वाटणीतून. सातबारा त्याची महसुली नोंद ठेवतो. शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं, यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला. मालकीचा वाद उभा राहिला तर तो दिवाणी न्यायालयात सुटतो, तलाठ्याच्या टेबलावर नाही.

त्याच्या जोडीला आणखी एक समजूत: ‘तलाठ्याने नाव चढवलं’ किंवा ‘उडवलं’. तलाठी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद लिहितो आणि संबंधितांना नोटीस काढतो. हरकतीसाठी १५ दिवस असतात. नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो तो मंडळ अधिकारी. त्यावर अपील प्रांताकडे. म्हणून भावकीतल्या वाटणीची नोटीस घरी आली की ती देवळीत ठेवून देऊ नका. ते १५ दिवस गेले, की मग पुढची १५ वर्षं जातात. पिकांची नोंद मात्र आता तलाठ्याची वाट बघत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्याने ती स्वतःच करायची आहे. शेतात ज्वारी आणि सातबारावर ऊस असं दिसलं, तर आधी आपला मोबाईल तपासावा.

पोलीस पाटलांबद्दल थोडक्यात. नावात पोलीस असलं तरी ते पोलीस खात्याचे नोकर नाहीत. १९६७ च्या कायद्याने त्यांची नेमणूक प्रांत करतात आणि त्यांना पगाराऐवजी मानधन मिळतं. ते पद आता वतनाचंही नाही. बापानंतर मुलाला आपोआप मिळत नाही.

गैरसमज: विदर्भ, मराठवाडा, खानदेश हे राज्याचे प्रशासकीय विभाग आहेत.

हे प्रदेश आपल्या बोलण्यात, भाषेत आणि राजकारणात खरे आहेत. महसुली नकाशावर मात्र विभाग सहाच: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. विदर्भ त्यांतल्या दोन विभागांत वाटला गेलाय. मराठवाडा संभाजीनगर विभागाशी तंतोतंत जुळतो, हा अपवाद. खानदेश नाशिक विभागात, आणि त्याच विभागात अहिल्यानगरही, ज्याला कुणी खानदेश म्हणणार नाही. मुंबई शहर कोकण विभागात आहे, हे सांगितल्यावर मुंबईकर हसतात. कोकण विभागाचे आयुक्त तर बसतात नवी मुंबईत, बेलापूरला.

राज्यघटनेने विदर्भ-मराठवाड्याची दखल घेतली आहे, पण वेगळ्या कारणाने. कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. ती मंडळं १९९४ मध्ये आली. त्यांचं काम अनुशेष मोजणं आणि निधीचं न्याय्य वाटप पाहणं. जमिनीच्या फेरफाराशी किंवा दाखल्यांशी त्यांचा संबंध नव्हता. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

गैरसमज: नवा जिल्हा करायला दिल्लीची मंजुरी लागते.

लागते ती नव्या राज्याला. तो संसदेचा अधिकार. जिल्हा, तालुका, विभाग करणं किंवा मोडणं हे राज्य सरकार जमीन महसूल संहितेखाली अधिसूचना काढून करतं. १९६० मध्ये राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१, लातूर आणि गडचिरोली १९८२, मुंबई उपनगर १९९०, वाशीम आणि नंदुरबार १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९. त्यानंतर पंधरा वर्षं काही नाही आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती आणि सिंधुदुर्गची साडेआठ लाखांच्या आत. दोन्हीकडे जिल्हाधिकारी एकेकच.

मग इतर जिल्हे का होत नाहीत? नवी कार्यालयं, नवी पदं, म्हणजे पैसा. आणि दुसरं, मुख्यालय कुठे? अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला, १४ तालुक्यांचा. त्याच्या विभाजनाची चर्चा किती वर्षं चालू आहे! पण मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी, इथे गाडी अडते. तिघांपैकी दोघांना नाराज करायची हिंमत कुठल्याच सरकारला होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात जनगणना जवळ आली की सीमा गोठवल्या जातात आणि न करण्याला आयतं कारण मिळतं.

जिल्हा झाला की खासदारकीची जागा वाढते, ही आशाही फोल. मतदारसंघांची आखणी परिसीमन आयोग करतो आणि ती जिल्ह्याशी बांधलेली नसते. पालघर लोकसभा मतदारसंघात पहिलं मतदान २००९ मध्ये झालं, जिल्हा त्यानंतर पाच वर्षांनी आला. माढा मतदारसंघ तर सोलापूर आणि साताऱ्याच्या सीमेवर दोन्हीकडे पाय टाकून उभा आहे.

गैरसमज: पालकमंत्री हे घटनात्मक पद, आणि महापौर म्हणजे शहराचे मुख्यमंत्री.

राज्यघटनेत पालकमंत्री शोधून सापडणार नाहीत. घटनेत आहे ती जिल्हा नियोजन समिती. महाराष्ट्रात तिचं अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असतं आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा इथे ठरतो, म्हणून तर पालकमंत्रिपदासाठी एवढी रस्सीखेच चालते. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद ज्या टेबलावर समोरासमोर येतात, ते टेबल हेच.

महापौरांचं उलटं. मान मोठा, पहिला नागरिक म्हणून निमंत्रणं पहिली, पण कार्यकारी अधिकार महापालिका आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मुंबईत हे १८८८ च्या कायद्यापासून चालत आलंय. रस्त्यातल्या खड्ड्याचा जाब महापौरांना जरूर विचारा, पण अर्जावर आयुक्तांचं नाव घाला. मुंबईत जिल्हाधिकारी दोन आहेत, शहराचे आणि उपनगराचे. जिल्हा परिषद एकही नाही, म्हणूनच जिल्हे ३६ आणि जिल्हा परिषदा ३४.

माझ्या आईचं कर्ज झालं. रानाचा ८-अ शेवटी महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढला, १५ रुपयांत, तलाठी कार्यालयाचं तोंडही न पाहता. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘आठ-अ आणा’ म्हणालं, तर उठण्याआधी एवढंच विचारा: घराचा की रानाचा?