‘शॅल’ कोणत्या क्रियापदाला लागलंय?

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरात सहायक क्रियापद ओळखायला आलं की आपली अनेक मुलं अडखळतात. नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकलच्या गर्दीत गाइड वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा सराव संविधानाच्या इंग्रजी प्रतीवर करून पाहा.

मराठीत मुख्य क्रियापद आधी आणि सहायक मागून येतं: ‘लिहीत आहे’, ‘गेला होता’. इंग्रजीत उलटं. ‘इज रायटिंग’मध्ये ‘इज’ सहायक, शेवटचं ‘रायटिंग’ मुख्य. शंका आली तर वाक्याचा प्रश्न करा. सहायक असेल ते कर्त्याच्या आधी जाऊन बसतं.

कलम १७ घ्या. अस्पृश्यता ‘इज अबॉलिश्ड’ : इथे ‘इज’ सहायक. पुढे, ती पाळून कुणावर निर्बंध लादणं ‘शॅल बी ॲन ऑफेन्स’. इथे ‘शॅल’ सहायक, पण ‘बी’ मुख्य, कारण ‘ऑफेन्स’ हे नाम आहे. ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’ दोन्ही कामं करतात. ‘शॅल’, ‘मे’, ‘मस्ट’ मात्र सहायकच.

आता खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा. मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाबाबत शब्द होते ‘शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड’. ‘शॅल’ लागलंय ‘एन्डेव्हर’ला, म्हणजे प्रयत्न करण्याला, शिक्षण देण्याला नाही! शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नव्हतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं, १ एप्रिल २०१० पासून लागू झालं. सहा ते चौदा वयासाठी तिथे सरळ ‘शॅल प्रोव्हाइड’ आहे. मधलं एक क्रियापद गेलं आणि शिक्षण मूलभूत हक्क झालं.

त्याच वाक्यात पुढे ‘मे, बाय लॉ, डिटरमाइन’ आहे. ‘बाय लॉ’ मध्ये घुसलं तरी ‘मे’ची जोडी ‘डिटरमाइन’शीच. शिक्षण कोणत्या रीतीने द्यायचं, ते कायद्याने ठरवण्याची मुभा सरकारला त्यातून मिळते.

आरक्षणाचं कलम १६ (४) जरा अवघड. तिथे ‘शॅल प्रिव्हेंट’ आहे आणि कर्ता आहे ‘नथिंग’. पुढचं ‘मेकिंग’ ‘फ्रॉम’नंतर आलंय, म्हणून ‘शॅल’शी जोडू नका. या कलमातलं काहीही राज्याला आरक्षणाची तरतूद करण्यापासून रोखणार नाही, एवढंच वाक्य म्हणतं. ‘शॅल मेक’ असतं तर?