कडेवरचं मूल आणि जव्हारचा राजवाडा

आमच्या नात्यातलं एक जोडपं सव्वा वर्षाच्या मुलीला घेऊन प्रागला जाऊन आलं. दगडी फरसबंदीत बाबागाडीची चाकं अडकली, चार्ल्स पुलावर मुलीने भोकाड पसरलं आणि किल्ल्याच्या दारात पोचेपर्यंत ती गाढ झोपून गेली. तरीही 'एकदम मस्त झाली ट्रिप'. त्यांनाच मी म्हटलं, दिवाळीनंतर दोन दिवस जव्हारला चला. तर सूनबाईंचं उत्तर : "काका, एवढ्याशा पोरीला घेऊन तिकडे जंगलात?"

मला हसू आलं. चार्ल्स पुलाचा पाया घातला गेला 1357 साली. जव्हारच्या मुकणे घराण्याला दिल्लीच्या सुलतानाने राजे म्हणून मान्यता दिली ती 1343 साली. म्हणजे पूल बांधायला सुरुवात झाली तेव्हा जव्हारला गादी होती. पण प्राग हे 'जुनं शहर' आणि जव्हार हे 'जंगल'. जव्हारबद्दलचे गैरसमज आहेतच, शिवाय लहान मुलांबद्दलचेही आहेत. दोन्ही एकत्र आले की जव्हारचा बेत बारगळतो आणि सगळे लोणावळ्याच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

'जव्हार म्हणजे धबधबे. पावसाळ्याशिवाय तिथे आहे काय?'

नेमकं उलट आहे. चालायला नुकतंच शिकलेलं मूल बरोबर असेल तर जव्हारला जाऊ नये असा काळ एकच, तो म्हणजे पावसाळा. लेंडी नदीवरचा दाभोसा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो. काळमांडवीला उतरायची वाट शेवाळलेल्या खडकांची. जुलै 2020 मध्ये काळमांडवीला पाच तरुण बुडाले. धडधाकट माणसांचं हे होतं, तिथे कडेवर मूल घेऊन उतरण्यात कसला पराक्रम? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने बरे. पाणी कमी दिसेल, पण पायाखालची जमीन कोरडी असेल.

आणि गाव? ते बारा महिने असतं. जयविलास राजवाडा, शिरपामाळ, जयसागर जलाशय, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, सगळं गावात किंवा गावाला लागून. शिरपामाळाची गोष्ट मुलाला नाही, पण बापाला सांगण्यासारखी आहे. 1664 च्या पहिल्या सुरत स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशाह भेटायला आले आणि त्यांनी महाराजांच्या जिरेटोपात मानाचा शिरपेच खोवला. त्यावरून शिरपामाळ. मोकळा माळ, वारा आणि पळायला भरपूर जागा. आमच्या नातीने तिथे पाऊण तास फक्त खडे गोळा केले आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात भरले. इतिहासाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

राजवाड्याबद्दलही एक घोटाळा कायम होतो. घराणं सातशे वर्षांचं, म्हणून लोक राजवाडाही तेवढाच जुना समजतात. जयविलास विसाव्या शतकातला आहे. राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला, पाश्चात्त्य धाटणीचा, काजूच्या झाडीत उभा. तो राजघराण्याची खासगी मालमत्ता आहे. आत जाता येतं, पण वेळ आणि तिकिटाची चौकशी गावात आधी करावी. पोराची झोपेची वेळ आणि वाड्याची बंद व्हायची वेळ एकच निघाली, की दारावरूनच परत.

खरी जुनी आहे ती घराण्याच्या मूळपुरुषाची दंतकथा. त्याने वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. मग याने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिच्या घेऱ्यात मावेल तेवढा मुलूख घेतला. ऐकल्यासारखी वाटते ना? भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराची राणी डिडो हिच्याबद्दलही हीच कथा सांगतात. युरोप-आफ्रिकेच्या गोष्टी ऐकायला दरवेळी विमानच लागतं असं नाही.

'ठाण्याचं महाबळेश्वर आहे, थंडी सोसणार नाही'

ही उपाधी कुणी दिली कोण जाणे, तिने जव्हारचं नुकसानच केलंय. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, जव्हार साडेचारशेच्या आत. हिवाळ्यात पहाटे गारवा असतो, कानटोपी आणि एक स्वेटर पुरतो. उलट मे महिन्यात 'थंड हवेचं ठिकाण' म्हणून आलात तर पोर घामोळ्यांनी हैराण होईल. (आणि थंडीसाठी पोराला चमचाभर ब्रँडी चाटवा म्हणणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. दारूने अंगाला ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाटली घरीच ठेवा.)

'घाटात गाडी लागेल, आणि आईच्या मांडीवर बसलं की झालं'

हे दोन वेगळे गैरसमज आहेत, आणि दुसरा जिवावर बेतणारा आहे.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही. तो साधारण दोन ते बारा या वयात जास्त असतो. म्हणजे सव्वा-दीड वर्षाचं मूल विक्रमगडकडून जव्हारच्या घाटात बापापेक्षा मजेत असण्याचा संभव अधिक. रिकाम्या पोटी न्यायचं नसतं, थोडं कोरडं खायला घालून न्यायचं. मोबाइलवर कार्टून लावून द्यायचं नाही, खिडकीबाहेरची झाडं दाखवायची. आणि मोठ्यांची गोळी अर्धी मोडून मुळीच द्यायची नाही. प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला वर्ज्य आहे, त्याने श्वास मंदावू शकतो.

आता मांडी. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर दहा किलोचं मूल त्या क्षणी पावणेतीनशे-तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठल्या आईच्या हातांना ते पेलेल? मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचं आसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, हिशेब कळला तरी पुरे.

बाबागाडी मात्र घरी ठेवली तरी चालेल. तिची चाकं प्रागला अडकली होती, इथे तर रुतून बसतील. कडेवर, पाठुंगळी किंवा अंगाला बांधायची झोळी, या तीन वाहनांना जव्हारमधला कुठलाही रस्ता चालतो.

'तिथे मुलाला खायला काय मिळणार?'

एका पाड्यावर दुपारी चहाला थांबलो होतो. चुलीपाशी बसलेल्या बाईंनी नागलीचं पीठ गरम पाण्यात मळून घेतलं, गोळा हातावर थापत थापत वाढवला आणि तव्यावर टाकला. वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरीचा रंग ओल्या विटेसारखा, कडा किंचित चिरलेल्या. नात आधी नुसती बघत राहिली. मग बाईंनी पापुद्रा काढून फुंकर घातली आणि तिच्या हातात दिला. तो तिने तोंडात घातला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आम्ही पिशवी भरून नेलेल्या डब्यातल्या पावडरी तशाच परत आल्या.

नागली म्हणजे शहरातली नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात त्याचा तिसरा हिस्सा. "नाचणी थंड, पोराला सर्दी होईल" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य, पण सर्दी विषाणूने होते, भाकरीने नाही. वरईचा मऊ भात, उडदाचं पातळ वरण, हेही मुलाच्या तोंडाला चालण्याजोगं. मिरची घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा म्हणून सांगायचं, एवढंच.

जपायचं ते काजूला. राजवाड्याभोवतीची झाडं पाहून खरेदीचा मोह होतो. घ्या, पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा काजू, शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नका. श्वासनलिकेत अडकतो.

पाणी उकळून गार केलेलं, स्वतःचं. आणि उतरलेल्या जागी नळ सोडून पोराला खेळवत बसू नका. 'एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्याला काय तोटा' हाही एक गैरसमजच. काळ्या खडकाच्या उतारांवरून पाऊस वाहून जातो आणि उन्हाळ्यात शेजारच्या मोखाड्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. त्याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचं शंभर मीटरहून उंच धरण उभं आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. तुमच्या-आमच्या बाथटबात.

'तिकडे कुपोषण आहे ना? मग मुलांसाठी चॉकलेटं नेऊ या'

यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे चांगल्या मनाची माणसं चुकतात.

जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्रभर झालं ते 1992-93 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी. तो कलंक खोटा नव्हता आणि प्रश्न अजून संपलेला नाही. पण त्यातून शहरातल्या आई-बापांनी दोन विचित्र निष्कर्ष काढले. एक, तिथे आपलं मूल नेलं तर 'काहीतरी लागेल'. कुपोषण संसर्गजन्य नसतं, हे सुशिक्षितांनाही सांगावं लागतं. दुसरा, गाडीची काच खाली करून चॉकलेटं वाटली की पुण्य लागतं. कुपोषित मुलाला गरज असते डाळीची, तेलाची, अंड्याची, वेळेवर उपचारांची आणि आईच्या पोटात पुरेसं अन्न जाण्याची. चॉकलेटने ती भूक मरते आणि दात किडतात. शिवाय गाडी दिसली की रस्त्यावर धावत यायची सवय मुलांना लागते, ती वेगळीच. द्यायचंच असेल तर अंगणवाडीत जाऊन ताईंना काय लागतं ते विचारा. आणि मुलांचे फोटो काढण्याआधी त्यांच्या आयांना विचारा. आपल्या पोरीचा फोटो प्रागमध्ये कुणी न विचारता काढला असता तर आपल्याला चाललं असतं का?

'इतकं लहान मूल घेऊन प्रवास कसा करायचा' हा प्रश्न जव्हारात विचाराल तर बाया चमकून बघतील. दिवाळी सरली, भाताची झोडणी झाली की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. तान्ही, रांगती, चालती मुलं बरोबर असतात. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, कडेवर पोर, मुक्काम पावसाळ्यापर्यंत. तुम्ही शनिवारी सकाळी घाट चढत असता तेव्हा समोरून उतरणाऱ्या टेम्पोत तुमच्या मुलाच्याच वयाचं मूल असू शकतं. त्याच्या प्रवासाला सहल म्हणत नाहीत.

'बोहाडा म्हणजे भुताखेतांचा नाच, पोर दचकेल'

भुतांचा नाही, देवांचा. होळीच्या आगेमागे मोखाडा-जव्हारच्या गावांत बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगं रंगवलेले मोठे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. गावातल्या घराण्यांकडे सोंगांचा मान वाटून दिलेला असतो, म्हणून भट्टीवर गेलेला माणूसही त्या रात्रीपुरता घरी येतो.

पोर दचकेल हे मात्र खरं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मुखवट्याआड माणूस आहे हे कळत नाही, आणि संबळाचा आवाज जवळून छातीत घुमतो. तेव्हा पहिली एक-दोन सोंगं लांबून बघा आणि मूल पेंगलं की परत फिरा. रामखिंडसारख्या गावात मुखवटे घडवणारे कारागीर आहेत. दिवसाउजेडी तिथे मुखवट्याला हात लावू दिला तर रात्रीची भीती अर्धी होते.

'एवढ्या लहान वयातलं आठवणार तर काहीच नाही'

हा गैरसमज नाही, वस्तुस्थिती आहे. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. पण काल दुपारचा वरणभातही मुलाला आठवणार नसतो, म्हणून आपण तो भरवायचा राहत नाही.

'दिवसात सगळे पॉइंट होतात'

होतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीच ते केलं. यादी हातात घेऊन पाच ठिकाणं, आणि संध्याकाळी सनसेट पॉइंटवर नात माझ्या खांद्यावर इतकी रडली की सूर्य कधी बुडाला ते कुणीच पाहिलं नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून. म्हणजे सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक. मधल्या वेळात मूल झोपतं आणि आपणही झोपायचं. मोखाडा जव्हारहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिकडचं सूर्यमाळ आणि देवबांधचा गणपती हे दुसऱ्या दिवशी, त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिककडे परतणार असाल तर आणखी सोयीचं.

दुखलं-खुपलं तर जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी 108 लक्षात ठेवा आणि ओआरएसची चार पाकिटं, ताप उतरवायचं नेहमीचं औषध, मच्छरदाणी बरोबर ठेवा.

स्वतःची गाडी नाही म्हणून अडून बसू नका. जव्हारला रेल्वे नाही, पण एसटीचं आगार आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही.