घोड्याची माळ कुठं तुटावी?

श्रावण निम्मा सरला की चांदवडच्या बाजारात बैलांचा साज दुकानांबाहेर लटकायला लागतो. गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरमाळा, मोरक्या, रंगीत कासरे. पोळा अमावास्येला, पण गिऱ्हाईक तुटून पडतं ते शेवटच्या चार दिवसांत. घोड्याचा साज असा मांडलेला सहसा दिसत नाही, तो सांगून करून घ्यावा लागतो. वरातीला घोडा देणारे, शर्यतीवाले आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत जनावर विकायला नेणारे, हे त्याचे गिऱ्हाईक.

मी ज्या म्हाताऱ्या कारागिरापाशी बसलो होतो, त्या बाबांनी आधी मणी काढलेच नाहीत. सुतळीचा तुकडा घेऊन दारातल्या घोड्याकडं गेले. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथून छातीवर फिरवून माप घेतलं, मग घोड्यापुढं पाण्याची बादली ठेवली. "उभ्या घोड्याचं माप सगळेच घेतात, दादा. पाणी पिताना माळ कुठवर घसरती ते बघायचं." माळ सैल झाली तर मान खाली घालताच ती कानामागं येते. टापेनं जमीन उकरताना पुढचा पाय तीत अडकला, की जनावर बिथरलंच. घट्ट झाली तर नरड्यावर बसते.

दोरा सुती, तीन पदरी, मेण ओढलेला. मेणानं टोक कडक होतं आणि सुईशिवाय मणी ओवता येतो. काचेचे मणी उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरसारख्या गावांतून येतात. हल्ली प्लास्टिकचेही खूप. प्लास्टिक हलकं, पण साच्यातून निघालेल्या भोकाची कड कधी कधी धारदार राहते आणि दोरा आतून कातरते. बाबा प्रत्येक मण्याच्या भोकात दाभण फिरवून बघत होते. खरखर लागली की मणी बाजूला.

खरं कौशल्य गाठीत आहे. मणी ओवला की सैल गाठ मारायची, तिच्यात दाभणाचं टोक घालायचं आणि गाठ सरकवत मण्याला भिडवायची. मग दाभण काढून दोरा ओढायचा. अंतर राहिलं तर मणी खुळखुळतो आणि दोरा झिजतो. मण्यामण्याला गाठ म्हटल्यावर दोरा जवळजवळ दुप्पट लागतो, वेळेचं तर विचारूच नका. पण माळ तुटली तर एखाददुसरा मणी जातो, बाकीचे रस्त्यावर विखुरत नाहीत. कवड्यांची पाठ घासून सपाट केलेली असते, म्हणजे त्या पट्टीवर टाके घालून घट्ट बसतात. पट्टीला आतून बनातीचं अस्तर, नाहीतर घामात केस उडून कातडी सोलते. घुंगरं छातीवर येतील अशी. दृष्टीसाठी एक काळा मणी हवाच, तो न सांगताच ओवला गेला.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्याबाईंच्या (१७२५–१७९५) नावाशी जोडलेला. लोक तिथलं लाकडी कोरीवकाम बघून परततात. होळकरांची ताकद घोडदळात होती, हे तिथं फारसं कुणाच्या मनात येत नसावं. सरदारांच्या घोड्यांच्या गळ्यात चांदीची हैकल असे. आजची मण्यांची माळ ही तिची गरीब धाकटी बहीण.

शेवटी माळ जोडायची वेळ आली. मी लोखंडी आकड्याची वाट बघत होतो. बाबांनी आयाळीखाली येईल अशा जागी साध्या सुती दोऱ्याचा एकच बारीक बंध घातला. बाकीची माळ तीन पदरी आणि इथं एकच पदर! "कुठं अडकली तर इथंच तुटायला पाहिजे. माळ मी परत ओवून देईन, पाय कोण जोडून देणार?"

नायलॉनच्या माळा स्वस्त असतात, घामानं कुजत नाहीत, आणि दुकानदार नेमकं तेच कौतुकानं सांगतात. मला ते पटत नाही. जो दोरा कुजत नाही तो झटक्यानं तुटतही नाही, आणि घाबरलेल्या घोड्याची ताकद त्या दोऱ्यापुढं त्याच्याच मानेवर उलटते. सुती दोरा वर्षाकाठी बदलावा लागतो, तर बदलावा.

वरातीसाठी वा यात्रेसाठी माळ घेणार असाल, तर रंग मागाहून बघा. आधी बंध बघा, आणि तो नायलॉनचा असेल तर तिथंच कापून सुती घालून मागा.