सुईला जोड व्यायामाची

पक्षाघातातून रुग्णाचा जीव वाचला, तरी उपचार संपत नाहीत. उभे राहणे, घास तोंडापर्यंत नेणे, स्पष्ट बोलणे या क्रिया त्याला नव्याने शिकाव्या लागतात. त्या शिकविणारी शाखा म्हणजे पुनर्वसन वैद्यक. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे.

चीनमध्ये या शाखेने निराळे वळण घेतले. तेथे १९५६ मध्ये पारंपरिक वैद्यकाची चार महाविद्यालये सुरू झाली. कालांतराने फिजिओथेरपीच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर, 'तुइना' मर्दन आणि 'ताई ची'च्या संथ हालचाली पुनर्वसनात आल्या.

या विद्येच्या भारतातील आगमनाला महाराष्ट्राचाही धागा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर आत्मसात करून १९५९ मध्ये ते कोलकात्यात आणले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी '२०१५ चा अधिनियम' केला. केंद्राने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

मात्र, मान्यता म्हणजे परिणामांचा पुरावा नव्हे. पक्षाघातानंतरच्या अ‍ॅक्युपंक्चरवरील प्रयोगांचा 'कॉक्रेन' संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. काही लाभ दिसला, पण बहुतेक प्रयोगांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष निघाला नाही.

म्हणूनच संयुक्त शिक्षणात क्रम महत्त्वाचा ठरतो. विद्यार्थ्याने प्रथम स्नायूंची ताकद, तोल आणि गिळण्याची क्षमता तपासावी. व्यायाम हा उपचारांचा कणा असावा. सुई वेदना कमी करण्यासाठी पूरक म्हणून वापरावी, तीही निर्जंतुक आणि एकदाच. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे आधी विचारावे. प्रगती दोन्ही उपचारांसाठी एकाच मोजपट्टीने नोंदवावी.

वारंगा फाट्यासारख्या ठिकाणच्या कुटुंबाला मुंबईची वारी परवडत नाही. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यात घडणाऱ्या डॉक्टरांना हा क्रम उमगला, तर रुग्ण केवळ सुयांच्या भरवशावर राहणार नाही. झटक्यानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेसाठी सर्वांत मोलाचे असतात. ते वाया गेले, तर भरून काढणे कठीण जाते.