विश्लेषण : एमडीची नशा आणि शस्त्रक्रियेची भूल; डॉक्टरांपासून ही माहिती लपवणे जिवावर का बेतू शकते?

फेब्रुवारी 2025 मध्ये सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजेच एमडी पावडर पकडली आणि धाराशिव जिल्हा हादरला. तपासात आरोपींची संख्या 30 च्या पुढे गेली. चर्चा अटक, आरोपपत्र आणि राजकारणाची झाली. एक प्रश्न मात्र मागे राहिला. नशा करणाऱ्या तरुणावर अचानक शस्त्रक्रियेची वेळ आली तर काय?

एमडी शरीरात काय करते?

2015 पासून एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत असलेले हे रसायन मेंदूत डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांचे प्रमाण एकदम वाढवते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंग तापते.

भूल देताना धोका कुठे?

भूलतज्ज्ञ रुग्णाचे वजन, वय, आजार आणि सुरू असलेली औषधे पाहून डोस ठरवतात. अंगात एमडी असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घकाळ नशा करणाऱ्यांत उलटेही घडते. रक्तदाब कोसळतो आणि तो वाढवणारी काही नेहमीची औषधे पुरेशी लागू पडत नाहीत. ट्रामाडोल, पेथिडिनसारख्या वेदनाशामकांमुळे सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. मग तीव्र ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि झटके येतात. दाताच्या दवाखान्यातील इंजेक्शनही याला अपवाद नाही, कारण त्यात अनेकदा अॅड्रेनॅलिन असते.

गांजा, दारूचे काय?

नियमित गांजा ओढणाऱ्यांना भुलीचे औषध जास्त लागू शकते. गांजा ओढल्यानंतर नियोजित शस्त्रक्रिया किमान 2 तास पुढे ढकलावी, अशी शिफारस अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2023 मध्ये केली. दारू प्यायलेल्या रुग्णाला उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रोजची दारू अचानक तुटली, तर शस्त्रक्रियेनंतर झटके किंवा भ्रम होऊ शकतो.

मग लपवले का जाते?

भूलतज्ज्ञ व्यसनाबद्दल विचारतात तेव्हा शेजारी आई-वडील उभे असतात. पोलिसांची भीतीही असते. अशा वेळी रुग्णाने डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची विनंती करावी. उपचारासाठी दिलेली माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. अपघातात रुग्ण बेशुद्ध असेल, तर सोबतच्या मित्रांनी काय घेतले, किती आणि केव्हा, हे सांगावे. वेळ माहीत असली, तर डॉक्टर औषध बदलू शकतात. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढेही ढकलता येते.

व्यसन सोडायचे असेल तर?

केंद्र सरकारच्या 14446 या नशामुक्ती हेल्पलाइनवर मोफत मार्गदर्शन मिळते. व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घेत असेल, तर सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.